नोटिशीवर नाव आमचंच

सोमवार, 4 मार्च 2024
कंत्राटदाराकडून यादी आली एकदाची. माणसं एका मालकाकडून दुसऱ्याकडे जाताना त्यांची माहिती किमान 28 दिवस आधी द्यावी लागते. 1 एप्रिलला ताबा, म्हणजे आजचा शेवटचा दिवस. मेल आली दुपारी सव्वाचारला. नाव, वय, रुजू झाल्याची तारीख, पगार, चालू असलेल्या तक्रारी. काहीजण तिथे माझ्या इथल्या नोकरीपेक्षा जुने निघाले.

पश्चिम लंडनमधली आमची बरो, म्हणजे स्थानिक कौन्सिल. पार्किंगची परमिटं, रस्त्यावरचे वॉर्डन, चौकातले कॅमेरे हे सगळं आम्ही बरीच वर्षं बाहेर दिलेलं. आता मुदत संपतेय आणि नगरसेवकांनी नवी निविदा न काढता काम घरात आणायचं ठरवलंय. 2006 च्या 'ट्यूपी' नियमांप्रमाणे काम जिथे जातं तिथे माणसंही जातात, त्याच पगारावर आणि मागची नोकरी धरून. वरच्या मजल्यावर सगळे म्हणतायत, "माणसं तीच, रस्ते तेच, फक्त मालक बदलणार." त्या 'फक्त'ची मला धास्ती आहे.

गुरुवार, 7 मार्च
करार पुन्हा वाचून काढला. तो पाळला जातोय ना, हे बघायचा मला आजवर पगार मिळाला. वॉर्डन प्रत्यक्ष रस्त्यावर किती तास होते, त्यांच्या चुकीने दंडाची किती तिकिटं रद्द झाली, फोन किती वेळात उचलला, याचा हिशेब दर महिन्याला येतो. किती तिकिटं लावायची याचा आकडा मात्र त्यात कुठेच नाही, आणि तो मुद्दामच नाही. सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार तिकिटांचं टार्गेट देता येत नाही. हे कुणाला खरं वाटत नाही. दवाखान्यात बसले असताना माझं काम कळलं, की शेजारच्याचा पहिला प्रश्न: "तिकिटामागे कमिशन किती?"

त्याच सूचना आणखी एक गोष्ट सांगतात. तिकीट लावायचं काम बाहेर द्या, पण गाडीमालकाच्या नावे नोटीस गेल्यानंतर येणाऱ्या रीतसर हरकतीचा निकाल कौन्सिलनेच द्यायचा. त्यामुळे पहिली साधी तक्रार कंत्राटदाराची माणसं वाचत आली आणि दुसरी आम्ही. पहिल्या टेबलावर जे कळलं त्यातलं दुसऱ्या टेबलावर तेवढंच येतं, जेवढं करारात लिहिलंय: कलम, वेळ, जागा, फोटो.

मंगळवार, 12 मार्च
आज फेरीवर गेले. सोबत एक वॉर्डन, पेडण्याचे काका. पोर्तुगीज पासपोर्टवर इथे आलेल्या गोवेकरांपैकी एक. साउथॉल, हाउन्सलोच्या बाजूला असे पुष्कळ. माझं आडनाव वाचून त्यांनी थेट मराठीतच सुरुवात केली.

दोन तासांच्या पार्किंगमध्ये एका व्हॅनशी थांबले. हातातल्या यंत्रात नंबर घातला आणि वाकून टायर बघितले. "पुढचा दोनवर, मागचा सातवर," असं पुटपुटत नोंद केली. हवा भरायचा व्हॉल्व्ह घड्याळातल्या कुठल्या आकड्यावर आहे, ते लिहून ठेवायचं. दोन तासांनी परत यायचं. तेव्हाही दोन आणि सातच असेल तर गाडी हललेली नाही. "मी मध्ये जाऊन आलो होतो" म्हणणारे रोज भेटतात, पण दोन्ही चाकं जाऊन नेमकी तिथल्या तिथे येत नाहीत.

त्यांना काय काय ठाऊक आहे! कुठल्या झाडाची पालवी मे महिन्यात पाटी झाकते, कुठल्या तळघरातल्या आजीबाईंची नर्स बाराला येते, कुठल्या शाळेपुढच्या पिवळ्या नागमोडी रेघांवर कोणते पालक रोज 'एकच मिनिट' थांबतात. कालपासून रमजान सुरू झालाय, तर मशिदीच्या गल्लीत रोजा सुटायच्या आधी जाऊन तिथल्या स्वयंसेवकांशी बोलून यायचं. मग वाद होत नाहीत आणि फायर इंजिनची वाट मोकळी राहते. हे काम तासांच्या हिशेबात 'रस्त्यावर उपस्थित' एवढंच दिसतं.

एका कोपऱ्यावर त्यांनी खांबाकडे बोट दाखवलं. रहिवाशांच्या पार्किंगची पाटी पूर्ण फिरून भिंतीकडे तोंड करून उभी. "ताई, हे मी फेब्रुवारीतच यंत्रात लिहिलंय."

"कुणी काही कळवलं नाही?"

"लिहिलेलं कुठं जातं ते आम्हाला काय ठाऊक?"

तिथूनच रस्ते विभागाला फोन केला. संध्याकाळपर्यंत पाटी सरळ झाली.

सोमवार, 18 मार्च
अर्थखात्याबरोबर बैठक. नव्या साहेबांचा प्रश्न सरळ होता: कंत्राटदाराचा नफा वाचला, तर आपल्या हातात किती उरेल? उरेल ते उरेल, पण वाटेल तिथे खर्च करता येणार नाही. 1984 च्या रस्तेवाहतूक नियमन कायद्याचं 55 वं कलम पार्किंगच्या पैशाला वेसण घालतं. वाढावा निघाला तर तो पार्किंग, रस्ते, सार्वजनिक वाहतूक अशाच कामांना. ज्येष्ठांच्या फुकट प्रवासाच्या फ्रीडम पासला लंडनच्या कित्येक बरो यातूनच हातभार लावतात.

बार्नेटची गोष्ट सांगावी लागली. तिथल्या बरोने रहिवाशांचं वार्षिक परमिट 40 पौंडांवरून 100 वर नेलं. रहिवासी उच्च न्यायालयात गेले. 2013 मध्ये निकाल लागला की हा कायदा महसूल गोळा करण्यासाठी नाही, दरवाढ बेकायदा. साहेबांनी वहीत 'बार्नेट' लिहून खाली दोन रेघा मारल्या.

शुक्रवार, 22 मार्च
वॉर्डनांच्या तळावर पेन्शनची सभा. युनियनचे लोकही होते. एकाने उठून विचारलं, "साहेब बदलला की शिफ्टही बदलणार?" लगेच नाही, कामाच्या अटीही त्यांच्याबरोबरच येतात. आमच्या एचआरच्या बाईंनी पेन्शन समजावली. आत्ता किमान सक्तीची योजना आहे, ठरावीक पगारावर मालकाचे तीन आणि नोकराचे पाच टक्के. 1 एप्रिलपासून स्थानिक सरकारी योजना, वर्षाच्या पगाराचा 49 वा भाग दर वर्षी पेन्शनमध्ये जमा. पाठीमागच्या रांगेत मोबाइलवर हिशेब सुरू झाले. आमच्या अर्थखात्यातही याच आकड्यांवर कपाळाला आठ्या आहेत. घरात आणलेलं काम स्वस्त पडतंच असं नाही.

बुधवार, 27 मार्च
जाकिटं आली नाहीत. ऐकायला किरकोळ वाटतं, पण गणवेशात नसलेल्या वॉर्डनला तिकीट द्यायचा अधिकारच नाही. जुन्या जाकिटांवर कौन्सिलचं नाव, क्रमांक आणि कंत्राटदाराचं बोधचिन्ह असं तिन्ही आहे. शेवटी बोधचिन्हच उसवायचं ठरलं. तळावरच्या टेबलाभोवती आम्ही चौघंजणं कात्र्या घेऊन बसलो. कापडापेक्षा तो बिल्ला पक्का शिवलेला. निघाल्यावर खालचं कापड गडद निळं, बाकीचं उन्हापावसाने विटलेलं. एक वॉर्डन जाकीट उजेडात धरून म्हणाली, "आता कळलं, रंग मुळात हा होता होय!"

रविवार, 31 मार्च
ईस्टर, मार्चअखेर आणि घड्याळं पुढे करायचा दिवस, तिन्ही एकाच तारखेला. इथलंही सरकारी वर्ष 1 एप्रिललाच सुरू होतं. पहाटे एकचे दोन वाजले. सकाळी तळावर जाऊन एकेक यंत्र सर्व्हरच्या वेळेशी ताडून पाहिलं. एक यंत्र तासभर मागेच राहिलेलं, ते बाजूला काढलं. दहाचं तिकीट नऊचं म्हणून छापलं गेलं, तर न्यायाधिकरणापुढे उभं राहणार नाही.

रात्री जुन्या सर्व्हरवरची तिकिटं, फोटो, नोंदी आमच्याकडे आणण्याचं काम. करारात न मागितलेला एक रकाना तंत्रज्ञांनी विचारला: "वॉर्डनचा मोकळा मजकूर, घ्यायचा का?" सगळा घ्या म्हटलं.

मंगळवार, 2 एप्रिल
काल बँक हॉलिडे, त्यामुळे खरा पहिला दिवस आज. सकाळी आठपासून फोन खणखणायला लागले. कॅमेऱ्यांची जोडणी दीड तास बंद. परमिटाच्या वेबसाइटवर जुनं बोधचिन्ह. एका फोनवाल्याने कंत्राटदाराला शिव्या घातल्या आणि सवयीने म्हणाला, "तुमच्या त्या कंपनीला सांगा." सांगितलं, "कंपनी नाही आता, आम्हीच." तो क्षणभर गप्प झाला, आणि मग पहिल्यापासून पुन्हा सुरू.

मंगळवार, 9 एप्रिल
पाडवा. घरी सकाळी गुढी उभारून आले, श्रीखंड रात्रीवर.

टेबलावर एक रीतसर हरकत. घरोघरी जाऊन रुग्णांची देखभाल करणारी बाई. फेब्रुवारीतलं तिकीट, रहिवाशांच्या जागेत परमिटाशिवाय गाडी, दंड 130 पौंड. "पाटी दिसली नाही," असं तिचं म्हणणं. पहिली तक्रार फेटाळलेली, कारण फोटोत गाडी आणि खिडकी स्वच्छ दिसतेय. पाटीचा फोटोच नाही. एरवी मीही कदाचित एवढ्यावरच निकाल दिला असता. पण आता मोकळ्या मजकुराचा रकाना उघडता येतो. रस्त्याचं नाव घालून शोधलं. तिकिटाच्या दोन दिवस आधीची, दुसऱ्याच वॉर्डनची नोंद: पाटी भिंतीकडे फिरलेली आहे, दुरुस्त करावी. तोच खांब, आणि नोंद पेडण्याच्या काकांची.

तिकीट रद्द केलं. मग नोंद झाल्या दिवसापासून मी पाटी सरळ करून घेतली त्या संध्याकाळपर्यंत त्या खांबाखाली लागलेली बाकीची तिकिटंही काढली. बहुतेकांनी वाद न घालता 14 दिवसांच्या आत निम्मे, 65 पौंड भरून टाकलेले. त्यांची हरकत आलेली नाही, येणारही नाही. तरी पैसे त्यांचे त्यांना परत जायला हवेत.

अर्थखात्याला कळवलं. तासाभरात उत्तर: तेव्हा काम कंत्राटदाराकडे होतं, मग परतावा त्यांच्याकडून वसूल करता येईल का? करार माझ्यासमोरच होता. दंडाचे पैसे पहिल्या दिवसापासून आमच्याच खात्यात जमा होत आलेत, नोटिशीवर नावही आमचंच. वसुलीचं कलम शोधू नका, परताव्याचे धनादेश काढा, असं लिहून पाठवलं. काकांची नोंद खाली जोडली.