टिकेल का?

मध्यमवर्गीय माणूस कोणत्याही दुकानाची पायरी चढला की त्याच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो तो हाच : "टिकेल का?" मग छत्री असो, चप्पल असो, नाहीतर सोफा असो. शोभेल का, झेपेल का, हे प्रश्न मागाहून. बहुधा ते येतच नाहीत. या एका प्रश्नाच्या आधाराने आपल्या वाडवडिलांनी संसार सावरले, तेव्हा त्याला हसण्याचे कारण नाही. पण काही वस्तू अशा असतात की त्यांना हा प्रश्न आधी विचारला की सगळाच घोटाळा होतो. ड्रमच्या काठ्या ही अशीच एक वस्तू.

माझी सोळा वर्षांची भाची ड्रम शिकते. "ड्रमस्टिक आणायच्या आहेत," असे तिने पहिल्यांदा जाहीर केले, तेव्हा आजी स्वयंपाकघरातून म्हणाली, "शेंगा कालच आणल्यात!" खुलासा झाल्यावर तिच्या वडिलांनी बाजारात जाऊन दुकानातली सर्वांत जाड जोडी आणली. "आता दोन वर्षे बघायला नको!" असे म्हणून त्यांनी ती टेबलावर ठेवली.

जोडी खरोखरच टिकली. मोडले ते पोरीचे मन. शेजाऱ्यांच्या झोपेचा विचार करून ती रबराच्या गादीवर रोज तासभर सराव करी, आणि रात्री मनगट शेकत बसे. हात दमला की लय ओढली जाई. चार महिन्यांनी ती आईला म्हणाली, "हे वाद्य माझ्या हाताचे नाही." क्लास सोडायचे ठरलेही. निरोप घ्यायला गेली, तेव्हा तिच्या मास्तरांनी तिची काठी हातात घेऊन तोलून पाहिली आणि म्हणाले, "हात ठीक आहे. काठी बदल."

नवी काठी घ्यायला मामा म्हणून मला जावे लागले. दुकानात पाहतो तो काठ्यांवर अंक आणि अक्षरे! अंक जितका मोठा, तितकी काठी साधारणपणे बारीक. अक्षरे जुन्या काळची : ए वाद्यवृंदासाठी, बी बँडसाठी. तिच्याकडची काठी २ बी, म्हणजे सुमारे १६ मिलिमीटर जाडीची; मास्तरांनी सुचवलेली ७ ए, पावणेचौदाच्या आसपास. दोहोंत फरक सव्वादोन मिलिमीटरचा. एवढ्याशा फरकावर एका मुलीचा छंद अडला होता!

मग लाकडाची गोष्ट निघाली. बहुतेक काठ्या अमेरिकेतल्या हिकरी नावाच्या झाडाच्या. हे लाकूड आघाताचा हादरा स्वतः पिते, म्हणूनच कुऱ्हाडीचे दांडेही त्याचेच करतात. मेपल त्याहून हलके. हाताला सुखाचे, पण लवकर झिजणारे. ओक जड आणि चिवट. तो झिजत झिजत पुष्कळ टिकतो, मात्र हादरा हातापर्यंत अधिक पोचवतो. टोकाचा मामलाही वेगळा. लाकडी टोकाचा नाद मऊ, पण त्याचे टवके उडतात. म्हणून १९५८ साली जो कलाटो या अमेरिकन वादकाने नायलॉनचे टोक बसवले. ते टिकते, आणि झांजेवर लख्ख वाजते. कुणाला तो लख्खपणा आवडतो, कुणाच्या कानाला टोचतो.

भाचीने निवड कशी केली, ते पाहण्यासारखे होते. काचेच्या टेबलावर तिने एकेक काठी लाटण्यासारखी घरंगळत सोडली. वाकडी असेल ती थडथडत जाते; आपल्या पावसाळी हवेत अशा पुष्कळ निघतात. मग लाकडाच्या रेघा टोकापासून बुडापर्यंत सरळ आहेत ना, हे पाहिले. शेवटी माठ घेताना बायका टिचकी मारतात, तशी प्रत्येक काठी हलकेच वाजवून एका सुराच्या दोन वेगळ्या काढल्या. बॉस्टनच्या वाद्यवृंदात टिंपनी वाजवणारे व्हिक फर्थ १९६३ साली काठ्यांच्या धंद्यात पडले. त्यांच्या हातून म्हणे एकदा जोडी जमिनीवर पडली आणि दोन काठ्यांचे दोन सूर ऐकू आले. तेव्हापासून ते सूर जुळवूनच जोड्या लावू लागले. दोन्ही हातांना सारखे वाटावे, एवढाच त्यात हेतू.

आपल्याकडे हे शहाणपण जुनेच आहे. ढोलाचे टिपरू जाड, ताशाच्या काड्या बारीक. ढोलाचे टिपरू जास्त टिकते म्हणून त्याने कुणी ताशा वाजवायला बसत नाही.

तरीही सवयीने मी विचारलेच, "पण टिकेल का ग?"

"मोडेल ना मामा," ती म्हणाली. "मास्तर म्हणतात, काठी मोडायलाच हवी. ती मोडली नाही, तर झांज तडकते, नाहीतर मनगट जाते."

या उत्तराचा मी पुष्कळ विचार केला. टिकाऊपणाला अर्थ नाही असे नव्हे. मोठ्या मंचावर दणक्यात वाजवणाऱ्याला जाड काठीच हवी, आणि झांजेच्या कडेवर सरळ घाव घालणे टाळले तर बारीक काठीही बरेच दिवस पुरते. पण आधी हाताला विचारायचे आणि मग टिकण्याचा हिशेब करायचा. हा क्रम उलटला की वस्तू शाबूत राहते आणि माणूस झिजतो. मुलांना शाळेची शाखा निवडून देताना, नोकरी सुचवताना आपण याहून वेगळे काय करतो? सर्वांत जाड काठी त्यांच्या हातात देतो, आणि पोर दमले की त्याच्या हाताला दोष देतो.

नव्या काठ्या आल्यापासून तीन जोड्या मोडल्या. मेहुणे प्रत्येक जोडीची तारीख दुधाच्या हिशेबाशेजारी कॅलेंडरवर टिपून ठेवतात आणि उसासा सोडतात. पण पोरगी वाजवते आहे, आणि मनगट शेकायची पिशवी कपाटात गेली आहे.

ती जाड जोडी मात्र अजून जशीच्या तशी आहे. आजी तिने खिडकीतली कबुतरे हाकलते.