गोव्यात राहायला निघालेल्या कर्जतकरांसाठी

मिरजगाव, राशीनकडून कुणी वेर्ण्याला किंवा कुंडईला कारखान्यात कामाला निघालं की घरचे म्हणतात, ‘गोव्यात मराठीच चालते.’ चालते, हे खरं. बाजारात, देवळात, कचेरीत चालते, मराठी पेपरही घरोघर येतात. पण शेजारी आपल्या घरात बोलतो ती कोंकणी, आणि ती न शिकता वर्षानुवर्षं तिथे राहिलं तर माणूस भाडेकरूच राहतो.

*

‘कोंकणी ही मराठीचीच बोली’ हे वाक्य तिथे उच्चारू नये. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हावं म्हणून १,३८,१७० मतं पडली, वेगळं राहावं म्हणून १,७२,१९१. पुढे १९८६ साली राजभाषेच्या आंदोलनात माणसांचे जीव गेले. १९८७च्या कायद्याने देवनागरीतली कोंकणी राजभाषा झाली आणि मराठीलाही सरकारी कामकाजात जागा मिळाली. १९९२ साली कोंकणी घटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. एवढं सोसून झालेला निकाल आपण नवख्यांनी जेवणाच्या पानावर उकरून काढावा, हे मला असभ्यपणाचं वाटतं. त्या मातीत मराठीवर जीव टाकणारी माणसंही पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांचं ऐकावं, पण आपण पंच होऊ नये.

*

सरकारी नोकरीच्या भरवशावर जाऊ नका. जाहिरातीत कोंकणीचं ज्ञान आवश्यक आणि मराठीचं असल्यास उत्तम, असं असतं. शिवाय १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो. तो मामलेदार कचेरीत मिळतो. आपल्याकडे तहसीलदार, तसा तिकडे मामलेदार.

*

‘घाटी’ हा शब्द कधीतरी कानावर येईल. लागतो तो. तरी भांडू नये. ‘कशे आसात, बाब?’ आणि ‘देव बरें करूं’ एवढ्यापासून सुरुवात करावी. बोलताना चुकलं तरी समोरचा माणूस खुलतो.

*

घर किंवा जमीन घेताना घाई नको. आपला सातबारा, तसा तिथे फॉर्म १ व १४. तिथल्या कौटुंबिक कायद्याचं मूळ १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेत आहे. सर्वसाधारणपणे नवरा-बायको दोघंही मिळकतीत निम्म्या-निम्म्या वाट्याचे मालक असतात. म्हणून विकणाऱ्याच्या बायकोची सही नसेल, तर व्यवहार करू नका. जमीन कोमुनिदादची, म्हणजे गावसंस्थेची, आहे का हेही पाहा. स्वस्तात मिळतेय म्हणून पैसे देऊ नका, आधी स्थानिक वकिलाला कागद दाखवा.

*

पाऊस. आपण पर्जन्यछायेतली माणसं, वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पडला तरी समाधान मानणारी. तिकडे तीन हजारांच्या आसपास पडतो. कपडे वाळत नाहीत, चपला-पुस्तकांना बुरशी येते. खोली घेताना भिंतींची ओल बघा, भाडं नंतर.

*

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, मासळी महागते. दुपारी बरीच दुकानं मिटतात, कामं सकाळी उरकावीत.

*

मुलांना सरकारी मराठी प्राथमिक शाळा मिळते, त्याची काळजी नाही. कोंकणी ती अंगणात खेळताना उचलतात. तुम्ही घरी त्यांना अडवू नका.

*

मोठ्या आजारपणाला बांबोळीचं गोवा वैद्यकीय महाविद्यालय. २०१८पासून तिथे गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क पडतं. राहत्या पत्त्याचे कागद पहिल्या वर्षीच करून घ्या, आजारपण आल्यावर धावपळ नको.