खांड पडल्यावर

पेणच्या पश्चिमेला खारेपाट सुरू होतो. भरतीचं पाणी बांध घालून अडवायचं आणि आत भात पिकवायचं, हे इथं पिढ्यानपिढ्या चालत आलं आहे. अवसे-पुनवेच्या उधाणात कधी बांधाला खांड पडते, खारं पाणी शिवारात शिरतं आणि ती जमीन नासते. गोडी परत यायला पुढे काही पावसाळे जावे लागतात. तरी माणसं चिखलात उतरतात, खांड बुजवतात. समुद्र पुन्हा येणार हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

अनंत जीवनाचा विचार करताना माझ्या डोळ्यांपुढे आकाश येत नाही, हा बांध येतो. ख्रिस्ती माणसाची आशा म्हणजे मेल्यावर वर जाणं आणि तोवर इथले दिवस कसेबसे काढणं, असा समज बाहेर आहे, तसा आमच्या चर्चमध्येही आहे. पण बायबलच्या शेवटच्या अध्यायांत माणसं वर जात नाहीत, देवाचं नगर खाली उतरतं. तिथं नव्या आकाशाबरोबर नवी पृथ्वी आहे. आणि उठायचं आहे ते शरीरानिशी. शुभवर्तमानात योहान सांगतो, मरणातून उठलेल्या येशूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण होते. त्या हातांनीच त्यानं तळ्याकाठी, रात्रभर जाळी टाकून दमलेल्या शिष्यांसाठी विस्तवावर मासे ठेवले. देवाला माती, अंग, भूक या गोष्टी टाकून द्यायच्या नाहीत, असं मला यातून कळतं. म्हणून बांधही क्षुल्लक नाही.

याच पेण तालुक्यातल्या गागोद्याला 1895 मध्ये विनोबांचा जन्म झाला. नव्या करारातली वचनं निवडून त्यांनी ‘ख्रिस्तधर्म-सार’ सिद्ध केलं. आमच्या ग्रंथाचं इतकं मन लावून वाचन आमच्यातल्याही थोड्यांनीच केलं असेल. नोव्हेंबर 1982 मध्ये पवनारला त्यांनी अन्न आणि औषध थांबवलं आणि शांतपणे देह ठेवला. आत्मा अमर आहे, देह हे वस्त्र आहे, ही गीतेची शिकवण त्यांच्या अंगी भिनलेली होती. त्या शांतीपुढे मी हात जोडतो. पण माझी श्रद्धा इथं वेगळ्या वाटेनं जाते. प्रेषित पौल मरणाला शत्रू म्हणतो, शेवटचा शत्रू. मेलेल्या लाजराला आपण उठवणार हे ठाऊक असूनही येशू त्याच्यासाठी रडला. माझी आई गेली तेव्हा ‘ती देवाघरी गेली, रडू नका’ असं सांगणारे बरेच भेटले. मी रडलो. आशा आहे म्हणूनच रडता येतं, असं मला आजही वाटतं. जे परत मिळावं इतकं मोलाचं आहे, त्याच्यासाठीच डोळे भरून येतात.

रोह्यावरून वाहत गेलेली कुंडलिका रेवदंड्याच्या खाडीतून समुद्राला मिळते. तिथं मुखापाशी कोर्लई गाव. 1740 मध्ये पोर्तुगीजांनी चौल सोडलं. सत्ता गेली, शेतीवाडी करणारी ख्रिस्ती माणसं कोर्लईत मागे राहिली. त्यांच्या घरांत पोर्तुगीजमधून घडलेली बोली अजून बोलली जाते आणि मृतांच्या पुनरुत्थानावर विश्वास आहे हे प्रार्थनेत अजून म्हटलं जातं. राज्याच्या आधारानं आलेला विश्वास राज्य गेल्यावरही टिकला, याचं मला फार मोल वाटतं.

आणि पंडिता रमाबाई. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि बहीण डोळ्यांदेखत गेलेली ही बाई. पुढे केडगावच्या मुक्ती सदनात तिनं दुष्काळातल्या शेकडो मुलींना आणि विधवांना आसरा दिला. त्यांना विहिरी, शेती, शाळा, छापखाना दिला. उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत तिनं सगळं बायबल आणायला घेतलं. 1921 मध्ये एकुलती लेक मनोरमा गेली. पुढच्याच वर्षी, एप्रिल 1922 मध्ये, काम हातावेगळं करून रमाबाई गेल्या. पूर्ण ग्रंथ 1924 मध्ये, त्यांच्या पश्चात, बाहेर आला. लेक गेल्यावर, आपलेही दिवस सरत आलेले दिसत असताना, तिनं शब्दाला शब्द घासून पाहायचं का सोडलं नाही? केलेलं काम कबरेपाशी संपत नाही, हे तिच्या हाडीमासी खिळलं होतं, एवढंच उत्तर मला सुचतं. खांड बुजवणाऱ्याला यंदाच्या भाताची आस पुरते. पण बांध मुळासकट वाहून गेला, पीकही गेलं, तरी केलेलं वाया गेलं नाही असं म्हणायला याहून खोल आधार लागतो. तो आधार रमाबाईंना होता.

पौलानं करिंथच्या मंडळीला पुनरुत्थानाविषयी एक लांबलचक अध्याय लिहिला. कर्णा वाजेल, मेलेले उठतील, मरण गिळलं जाईल, असं सांगत तो चढत जातो. आणि शेवटी म्हणतो, कामात खंबीर राहा, प्रभूमध्ये तुमचे श्रम फुकट जात नाहीत. त्यानंतर लगेच, दम न खाता, तो यरुशलेममधल्या गरिबांसाठी गोळा करायच्या वर्गणीकडे वळतो: दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकानं मिळकतीप्रमाणे काही बाजूला काढून ठेवावं.