वेल्ह्याची झाली वेल!

मी काही कोडिंगवाली नाही. मासकॉमची डिग्री, फ्रीलान्स लेख आणि कायम डोक्यावर डेडलाइन, एवढंच आपलं भांडवल. भोर-वेल्ह्याच्या पावसाळी ट्रिपवर लिहीत होते, तेव्हा गावांची यादी माझ्या सॉफ्टवेअरवाल्या रूममेटच्या हाती लागली. ती मूळची वेल्ह्याची. म्हणाली, "थांब, तुला एक गंमत दाखवते."

तिनं सी भाषेत छोटासा प्रोग्राम लिहिला. काम एकच: नाव वाचायचं आणि परत छापायचं. नावासाठी जागा १० बाइटची. शेवटचा बाइट 'शब्द इथे संपला' या खुणेसाठी राखीव, म्हणजे हाताशी ९. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक खुणेला, मग ती मात्रा का असेना, ३ बाइट लागतात. 'भोर' ९ मध्ये फिट्ट! 'वेल्हे'ला हवेत १८. स्क्रीनवर उमटलं, 'वेल'.

तोरण्याच्या पायथ्याचं अख्खं गाव कुंडीत! तालुक्याचं नाव 'राजगड' करायचं मंत्रिमंडळानं २०२४ मध्ये ठरवलं, म्हणून तेही टाकून पाहिलं. 'राज' राहिलं, गड गेला.

हसून झाल्यावर प्रश्न पडला, हे ठरवतं कोण? तर भाषेचं स्टँडर्ड लिहिणारी कमिटी. सी भाषेत 'गेट्स' नावाची एक सोय होती. किती वाचायचं हे ती विचारायचीच नाही. जागा संपली की शेजारच्या मेमरीवर खुशाल अतिक्रमण! १९८८ मध्ये मॉरिस वर्मनं हीच फट वापरून इंटरनेटवर धुमाकूळ घातला. तरी १९८९ च्या स्टँडर्डनं तिला ठेवलंच. नारळ मिळाला थेट २०११ मध्ये. तिची बहीण 'एफगेट्स' किती वाचायचं ते विचारते, पण मोजते बाइट.

मग बाइट सोडून अक्षरं मोजावीत ना? स्कीम भाषेच्या २०१३ च्या स्टँडर्डमधलं 'रीड-स्ट्रिंग' कॅरेक्टर मोजतं. पण युनिकोडच्या हिशेबात 'वेल्हे' म्हणजे व, मात्रा, ल, हलन्त, ह, मात्रा. झाले ६. तीन मागा, पुन्हा 'वेल'च! बाराखडी शिकलेले तुम्ही-आम्ही म्हणणार २: वे आणि ल्हे. अक्षर कुठे तोडायचं याच्या युनिकोडच्या नियमात 'ल्हे' अखंड धरायला २०२३ साल उजाडलं.

"सो व्हॉट?" म्हणाल. गावाचं सोडा, त्याच प्रोग्राममध्ये 'मल्हार' टाकून बघा. उरतं 'मल्'. बारशाला हौसेनं ठेवलेल्या नावाचं हे असं!

"आमच्या गावाशी कुणाचं वैर नाही गं," रूममेट म्हणाली. "मोजताना आम्ही कुणाला आठवत नाही, एवढंच."

तुमच्यापैकी बरेच जण आयटीत असाल. पुढच्या वेळी फॉर्म टेस्ट करताना 'एबीसी' टाकून मोकळे होऊ नका. 'वेल्हे' टाका. अख्खं परत आलं, तरच घरी जा.