चित्राचे तुकडे

माझ्या वर्गातील मुलांना चित्रे जुळवण्याचा भारी नाद! म्हणून मी संगणकावर ‘गिम्प’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये बीडच्या कंकालेश्वर मंदिराचा फोटो उघडला. ‘जिगसॉ’ निवडून आडवे ५ आणि उभे ४ असे आकडे भरले. फोटोवर २० तुकड्यांच्या वळणदार रेषा उमटल्या. तो छापून, पुठ्ठ्यावर चिकटवून, कात्रीने कापला. मुलांनी उर्दूप्रमाणे उजवीकडून सुरुवात केली! मंदिर चटकन जमले. भोवतालच्या पाण्याचे तुकडे मात्र एकसारखे, तिथे सगळे अडले.

मग जिल्ह्याचा नकाशा घेतला. लंडनच्या जॉन स्पिल्सबरीने १७६० च्या दशकात नकाशे सीमारेषांवरून कापले होते. संगणकाच्या रेषांना तालुके कळत नाहीत. म्हणून ११ तालुके आम्ही हातानेच कापले. पश्चिमेला आष्टी बसली, पूर्वेला परळी. मधले वडवणी एका मुलीने बसवले. तिचे आजोळ तिथे आहे.