केसभर जागा

बेकार माणूस सकाळी सातला आंघोळ करून, केस विंचरून, कचेरीला निघाल्यासारखा कामाला बसलेला तुम्ही कधी पाहिला आहे काय? मी गेले आठ महिने रोज पाहत आहे. ती माझी पुतणी. आमच्या कर्वेनगरातल्याच मुलींच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून ती पदवी घेऊन बाहेर पडली, मोटारींचे सुटे भाग आखणाऱ्या एका कंपनीत चार वर्षे रमली, आणि कंपनीने माणसे कमी केली त्यांत तिचाही नंबर लागला. आईवडील गावी; तेव्हा ती आमच्याकडेच राहते.

नोकरीबरोबर तिचे हत्यारही गेले. सुताराची करवत सुताराची असते. हिची करवत म्हणजे कॅटिया नावाचे सॉफ्टवेअर, आणि त्याचा परवाना कंपनीचा. विकत घ्यावा तर किंमत ऐकूनच माझा चहा निवला. मग तिने फ्रीकॅड नावाचे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर घेतले. ते २००२ साली निघाले आणि त्याला १.० हा आकडा लागायला २०२४ साल उजाडले. माझ्या कादंबरीपेक्षाही संथ काम! कडी, कुलूप, नळाची तोटी, घरातली एकेक वस्तू मापून ती पडद्यावर उभी करी. आधी सपाट आकृती काढायची, तिच्या रेघांना मापांची बंधने घालायची, मग ती उचलून घन करायची. "बटणं निराळी, काका, विचार तोच," असे ती म्हणे.

मी पडलो मास्तर, तोही दहावीपर्यंत शिकलेला; जुन्या भाषेत मॅट्रिक. एका सकाळी माझ्या तोंडून निघून गेले, "अगं, पगार नाही, तर ही कचेरी कसली?"

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "काका, गेल्या मुलाखतीत एक भाग समोर काढून दाखवायला सांगितला. रोजची गोष्ट. पण माझा हात अडला. ते घड्याळ पाहत होते."

मला पुढे बोलवेना. मी शाळेत निघून गेलो. ज्यांच्या नावाने आमची वस्ती ओळखली जाते, ते अण्णासाहेब कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवून रोज चिखल तुडवीत हिंगण्याच्या आश्रमात चालत येत, हे मी दर १८ एप्रिलला मुलांना सांगत आलो आहे. पण त्या चालण्याला पगार नव्हता, हे मला त्या दिवशी प्रथमच सुचले.

दिवाळी आली. आईच्या वेळचा पितळी सोऱ्या बाहेर निघाला तो तडकलेल्या दट्ट्यासकट. नवा आणू म्हटले, तर ही कॅलिपर घेऊन बसली. आतले माप भरले ५२ मिलिमीटर. तिने आकृती काढली, मापे घालून कागदावर उतरवली आणि आम्ही शिवण्याच्या एका लेथवाल्याकडे गेलो. दट्ट्या सुरेख झाला, आणि घरी येऊन सोऱ्यात निम्म्यावर जाऊन घट्ट बसला!

मला वाटले, आता ही रडणार. पण आठ महिन्यांत प्रथमच ती मोठ्याने हसली. "कंपनीत असते तर वरिष्ठांनी झोडपलं असतं! एकाच जागी मापलं मी. जुनं पितळ, झिजलेलं. शिवाय जागा सोडायचीच विसरले." तिने तीन ठिकाणी मापले, एके ठिकाणी ५१.७ भरले. मग दट्ट्या ५१.५ चा केला. "याहून सैल केला तर पीठ वर चढेल, घट्ट केला तर अडकेल. केसभर जागा हवी."

चकल्या झाल्या. काट्यांना नाव ठेवायला जागा नव्हती. काकूने पहिला घाणा तिच्याच हाती दिला.

तिला नोकरी अजून लागलेली नाही. पुढल्या महिन्यात एक मुलाखत आहे. मी मात्र रोज सकाळी "काही कळलं का गं?" म्हणून विचारीत असे, ते सोडून दिले आहे. सातला तिच्याजवळ चहा ठेवतो आणि बाजूला होतो. दोन वर्षे न उघडलेली कादंबरीची वही घेऊन मीही हल्ली त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसतो. सध्या दोघांनाही पगार नाही. पण कचेरी वेळेवर उघडते.