पुसलेली एक ओळ

जुनें घर आवरतांना कोनाड्यांत एखादी गंजलेली किल्ली सांपडते. ती निरुपयोगी दिसते. तथापि ती फेकण्यापूर्वीं घरांतल्या सर्वांना विचारावें, असें आमची आई सांगत असे. या शिकवणीची आठवण गेल्या वर्षीं आम्हांस संगणकाच्या वर्गांत झाली.

सी ही संगणकाची भाषा डेनिस रिची यांनीं १९७२ च्या सुमारास अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत निर्माण केली. वारंवार लागणारीं कामें एकदांच लिहून तीं सर्वांसाठीं एका लायब्ररींत ठेवण्याची सोय तींत आहे. अशा प्रत्येक कामास फंक्शन म्हणतात. लायब्ररीसोबत हेडर नांवाची फाइल असते. ती दुकानावरील पाटीसारखी. फंक्शनचें नांव काय, त्यास काय द्यावयाचें व तें काय परत करील, एवढीच घोषणा तींत असते. प्रोग्राम तपासणारा कंपायलर ही पाटी वाचून संतुष्ट होतो; आंत माल आहे किंवा नाहीं, हें मागाहून लिंकर पाहतो.

आमच्या शाळेची अशी एक लहानशी लायब्ररी आम्हींच लिहिली असून तीन वर्ग ती वापरतात. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशीं नववींतील एका विद्यार्थिनीचा गुणानुक्रम लावण्याचा प्रोग्राम अडला. या नांवाचें फंक्शन सांपडत नाहीं, असें लिंकर सांगूं लागला. आम्ही घाईंत होतों. "नांव चुकीचें लिहिलें असशील, लक्ष कोठें असतें तुझें?" असें आम्ही सर्वांदेखत बोललों. ती गप्प राहिली. सायंकाळीं वर्ग रिकामा झाल्यावर ती हळूच म्हणाली, "सर, नांव तुमच्याच हेडरमध्यें आहे."

पाहतों तों खरेंच! चार वर्षांपूर्वीं ती घोषणा आम्हींच लिहिली होती. फंक्शन उन्हाळ्याच्या सुटींत लिहूं, असा बेत होता; सुट्या आल्या नि गेल्या. मत्तयाच्या शुभवर्तमानांतील दोन पुत्रांचा दृष्टांत आम्ही दर वर्षीं शिकवितों. द्राक्षमळ्यांत जातों असें म्हणून न गेलेला पुत्र आपणच आहों, हें त्या ओळीनें आम्हांस दाखविलें. दुसऱ्या दिवशीं प्रार्थनेनंतर, ज्या वर्गासमक्ष तिला दोष दिला होता, त्याच वर्गासमक्ष आम्हीं तिची क्षमा मागितली. प्रोग्राम मात्र तिनें रात्रीं जागून, वेगळ्या नांवाचें फंक्शन स्वतः लिहून, पुरा केला होता.

"सर, ती ओळ आतां पुसूं का?" प्रदर्शन आटोपल्यावर तिनें विचारलें. आम्ही होकार देणार, तोंच त्या किल्लीची आठवण झाली. जिच्यामागें फंक्शनच नाहीं, ती घोषणा कोण वापरणार, असें कोणासही वाटेल. तरी तिन्ही वर्गांचे प्रोग्राम आम्हीं दोघांनीं तपासले. दहावींतील एका मुलानें त्याच नांवाचें फंक्शन आपल्या गरजेपुरतें दुसऱ्या फाइलींत लिहिलें होतें, आणि त्याचा मुख्य प्रोग्राम आमच्या ओळीच्या भरंवशावर चालला होता. न विचारतां ती पुसली असती, तर जुन्या कंपायलरनें इशारा देऊन भागविलें असतें; २०२४ च्या जीसीसी १४ नें मात्र तो प्रोग्राम नाकारलाच असता. त्यानें ती घोषणा आपल्या फाइलींत लिहून घेतली. मग आम्हीं आमची ओळ पुसली.

मोठ्या जगांतही असेंच घडतें. 'गेट्स' नांवाचें एक फंक्शन येणाऱ्या मजकुराची लांबी पाहत नसे. १९८८ च्या नोव्हेंबरांत इंटरनेटवर पसरलेल्या एका उपद्रवी प्रोग्रामनें या उणिवेचा फायदा घेतला. सी भाषेच्या २०११ च्या मानकांतून तें फंक्शन वगळण्यांत आलें. लिनक्सवरील ग्लिबसी या लायब्ररीनेंही नव्या प्रोग्रामांपुढून त्याची घोषणा काढली. परंतु जुने प्रोग्राम बंद पडूं नयेत म्हणून फंक्शन आंत राहूं दिलें.

विद्यार्थिमित्रांनो, जो शब्द पाळणें आपल्या हातून होत नाहीं, तो लाज वाटली तरी परत घ्यावा. मात्र त्यावर कोण विसंबून आहे, हें आधीं विचारावें. आमच्या हेडरमध्यें आणखी एखादी रिकामी घोषणा आढळल्यास ती आम्हांस निःसंकोचपणें दाखवावी, एवढी विनंति.